व्हायब्रेशनचं मीटर घेताय? साखर कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्यांसाठी पायरीपायरीनं

ऑफ सीझन अर्ध्यावर आला की फोन सुरू होतात. "साहेब, बजेट पास झालंय, व्हायब्रेशन ॲनालायझर कुठला घेऊ?" मी विचारतो कुठल्या मशीनसाठी, तर उत्तर येतं "सगळ्याच". मग कोटेशन येतात, खरेदी कमिटी बसते, एल-वनला (सगळ्यात कमी दरवाल्याला) ऑर्डर जाते आणि दोन सीझनमध्ये ती महागडी पेटी चीफ इंजिनिअरच्या कपाटात जाऊन बसते, चार्जर सापडत नाही, सॉफ्टवेअरचा पासवर्ड सोडून गेलेल्या पोराला माहीत. हे मी एकदा नाही बऱ्याचदा बघितलंय, आणि कबूल करतो, एकदा ती ऑर्डर मीच दिली होती.

चूक सगळीकडे एकच. मीटर आधी निवडतात आणि मशीन नंतर बघतात. खाली जो क्रम दिलाय तो उलटा केलात तर पैसे गेलेच समजा. उदाहरणं साखर कारखान्याची आहेत कारण माझं आयुष्य तिथं गेलं, पण एमआयडीसीतल्या कुठल्याही प्लांटला क्रम हाच लागतो.

१. यादी करा, आणि यादीत बिघाड लिहा

मशीनची यादी सगळ्यांकडे असते, स्टोअरमधून प्रिंट मारली की झालं. ती चालत नाही. प्रत्येक मशीनपुढं हे हवं: किलोवॅट, आरपीएम (मिनिटाला फेरे; फिक्स की व्हीएफडीवर, म्हणजे स्पीड बदलणाऱ्या ड्राइव्हवर), बेअरिंग कुठलं, गिअरबॉक्स असेल तर दात किती, फाउंडेशन काँक्रीटचं की लोखंडी प्लॅटफॉर्मवर, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या तीन सीझनमध्ये ते नक्की कशानं बंद पडलं. ब्रेकडाऊन रजिस्टर काढा. तिथं "बेअरिंग गेलं" एवढंच लिहिलेलं असेल तर त्या शिफ्टच्या फिटरला गाठून विचारा, त्याला सगळं आठवत असतं.

हे कशाला, तर बिघाडावरून मीटर ठरतं. आयडी फॅनच्या (बॉयलरचा धूर ओढणाऱ्या) पंख्यावर राख बसून किंवा पंखा झिजून तोल जात असेल तर तिथं फेज (तोल फिरकीत कुठल्या बाजूला गेलाय ते) मोजणारं आणि जागेवर बॅलन्सिंग करणारं मशीन लागतं. इंजेक्शन पंपाचं बेअरिंग जात असेल तर एन्व्हलप (बेअरिंगचे बारीक ठोके वेगळे काढणारी मोजणी) लागतो. आणि फाउंडेशन बोल्ट सैल होणं हाच रोग असेल तर साधं पेनसुद्धा (एकच आकडा देणारं छोटं मीटर) पुरतं, त्यासाठी लाखांची पेटी नको.

मग यादीचे तीन भाग करा. बंद पडलं की गाळपच थांबतं ते पहिल्यात, म्हणजे टर्बाइन, फायब्रायझर (उसाचे तंतू करणारं मशीन), आयडी फॅन, बॉयलर फीड पंप. स्टँडबाय आहे पण महाग ते दुसऱ्यात. उरलेले छोटे पंप, कन्व्हेयरचे गिअरबॉक्स तिसऱ्यात. पहिल्या भागात पंधरा-वीसच्या वर मशीन झाली तर तुम्ही स्वतःलाच फसवताय, परत बसा.

२. प्रत्येक मशीनची खालची आणि वरची फ्रिक्वेन्सी काढा

ही पायरी नव्वद टक्के लोक सोडतात आणि पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो. कॅल्क्युलेटर आणि अर्धा दिवस पुरतो.

आरपीएम भागिले ६० म्हणजे हर्ट्झ. ७४० आरपीएमचा आयडी फॅन घ्या, तो झाला १२.३ हर्ट्झ. त्याच्या बेअरिंगमध्ये समजा १८ रोलर आहेत, तर बाहेरच्या रिंगची फ्रिक्वेन्सी ढोबळमानानं ०.४ × १८ × १२.३ म्हणजे ८९ हर्ट्झच्या आसपास, आतल्या रिंगची ०.६ धरून १३३ च्या आसपास, आणि केजची (रोलर धरणाऱ्या पिंजऱ्याची) ०.४ × १२.३ म्हणजे ५ हर्ट्झच्याही किंचित खाली. अचूक आकडे बेअरिंग कंपनीच्या साइटवर मिळतात, पण खरेदीसाठी ढोबळ चालतात. आतल्या रिंगचे आठ-दहा हार्मोनिक (त्या फ्रिक्वेन्सीच्या पटी) दिसायला हवेत म्हणजे वरची हद्द १३०० हर्ट्झच्या पुढं जाते. झालं, या फॅनला ४ हर्ट्झ ते १५०० हर्ट्झ बघणारं काहीतरी पाहिजे.

गिअरबॉक्सला दात × शाफ्टचे हर्ट्झ. १४८० आरपीएमच्या मोटरवर २३ दातांचा पिनियन असेल तर २४.७ × २३ म्हणजे ५६७ हर्ट्झ, आणि निदान तिप्पट बघायचं म्हणून वरची हद्द २००० हर्ट्झ धरा. आता टर्बाइनचा गिअरबॉक्स घ्या, ७५०० आरपीएम आणि ३१ दात धरले तर मेशिंगच ३८७५ हर्ट्झवर, तिसरा हार्मोनिक साडेअकरा हजारांच्या पुढं. म्हणजे एकाच कारखान्यात एका मशीनला ४ हर्ट्झ हवेत आणि दुसऱ्याला ११ हजार. "सगळ्यासाठी एकच मीटर" हे ऐकायला बरं वाटतं.

आता माझी फजिती सांगतो. एका कारखान्यात केन कटर ५५० आरपीएमनं फिरायचा. आम्ही नवीन पेन घेतलं होतं, रोज सकाळी रीडिंग, रोज अडीच-तीन मिलिमीटर पर सेकंद, लॉगबुकात हिरवी टिक. प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की पाय थरथरायचे, ऑपरेटर बोंबलत होता आणि मी त्याला पेन दाखवून गप्प करत होतो. ५५० भागिले ६० म्हणजे ९.२ हर्ट्झ. पेन मोजायचं १० ते १००० हर्ट्झ. मुख्य हादरा फिल्टरच्या कडेवर छाटला जात होता आणि मी उरलेलं मोजून खूश. नंतर खालपर्यंत मोजणारं मशीन आणलं तर फिरकीच्या ९.२ हर्ट्झवरच १० मिलिमीटर पर सेकंद आरएमएस (परिणामी सरासरी) निघालं, म्हणजे पीक टू पीक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) जवळजवळ अर्धा मिलिमीटर हालचाल. ऑपरेटरच्या पायांना जे कळलं ते पेनला कळलं नव्हतं.

आयसोच्या मानकात हे स्पष्ट आहे, ६०० आरपीएमच्या खालच्या मशीनला मोजणी २ हर्ट्झपासून करायची. पण ब्रोशर वाचताना तिकडं कोण बघतं.

तपासून बघा: यादीत ६०० आरपीएमच्या खाली फिरणारं काय काय आहे? त्या प्रत्येकापुढं लाल फुली मारा. १० हर्ट्झपासून सुरू होणारं पेन त्या मशीनला लावायचं नाही.

मिलच्या रोलरचं काय, हा प्रश्न येतोच. रोलर मिनिटाला ४-५ फेरे फिरतो. ५ आरपीएमला १ मिलिमीटर पर सेकंद व्हायब्रेशन असेल तर नेहमीच्या १०० मिलिव्होल्ट पर जी (जी म्हणजे गुरुत्व त्वरण) सेन्सरमधून साधारण ५ मायक्रोव्होल्ट बाहेर येतात, ते सेन्सरच्या आणि केबलच्या गोंगाटात कुठल्या कुठं बुडून जातात. त्यामुळं रोलर बेअरिंगला टेंपरेचर, तेलाचं सँपल आणि हायड्रॉलिक प्रेशर यावर लक्ष ठेवा, व्हायब्रेशन मिल ड्राइव्हच्या मोटरवर आणि गिअरबॉक्सच्या हायस्पीड बाजूला मोजा. विकणारा "आमचं होतं की साहेब" म्हणाला तर पायरी ८ ला त्याला तिथंच घेऊन जा.

३. मग प्रकार ठरवा

आता कुठं मीटरच्या जातीकडं यायचं.

पेन. तिसऱ्या भागातल्या मशीनसाठी. एकच आकडा देतं, कारण सांगत नाही. काही पेनमध्ये बेअरिंगचा वेगळा आकडा असतो, तो ट्रेंड बघायला बरा, पण एका कंपनीच्या बेअरिंग आकड्याची तुलना दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी करू नका, फिल्टर वेगळे, मोजायची पद्धत वेगळी. पेन बदललं की ट्रेंड शून्यापासून.

हातातला ॲनालायझर, ज्याला डेटा कलेक्टर म्हणतात. स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती हादरा), वेव्हफॉर्म (वेळेनुसार हादऱ्याचा आलेख), एन्व्हलप, रूट (ठरलेल्या मशीनची फेरी) सगळं. दुसऱ्या भागाचा आणि पहिल्या भागातल्या बेअरिंगवाल्या मशीनचा गाडा यावर चालतो. पण याला माणूस लागतो, ठरलेला, दर आठवड्याला फिरणारा. तो नसेल तर घेऊच नका, खरंच सांगतो.

फिक्स ४-२० मिलिॲम्पिअर ट्रान्समीटर. वायर टाकून पीएलसीला (कंट्रोल पॅनेलमधल्या कॉम्प्युटरला) जोडायचा, अलार्म आणि ट्रिप मिळतो. रेंज ०-२५ असेल तर ८ मिलिॲम्पिअरला ६.२५ मिलिमीटर पर सेकंद, एवढं सोपं. आयडी फॅन आणि फायब्रायझरला हा हवाच असं माझं मत आहे, कारण आयडी फॅनवरचा राखेचा थर सुटून अर्धा पंखा रिकामा झाला तर ते तुमच्या सोमवारच्या रूटची वाट बघत नाही. स्पेक्ट्रम मात्र यातून मिळत नाही, त्यामुळं ज्याला बाजूला डायनॅमिक सिग्नलचं सॉकेट आहे असा बघा, ॲनालायझर तिथंच लावता येतो.

प्रॉक्सिमिटी प्रोब. टर्बाइनसारख्या जर्नल बेअरिंगच्या मशीनला. इथं शाफ्ट तेलाच्या फिल्मवर तरंगतो, केसिंग जड असतं, त्यामुळं बाहेरून सेन्सर चिकटवून शाफ्टची खरी हालचाल पूर्ण कळत नाही. प्रोब शाफ्टकडं बघतो, मायक्रॉनमध्ये सांगतो. बहुतेक टर्बाइनला ते आलेलेच असतात, तुमचं काम एवढंच की पॅनेलच्या बफर्ड आउटपुटला जोडता येईल असं ॲनालायझर निवडायचं. प्रोबचा सिग्नल साधारण उणे १० व्होल्ट डीसीवर बसलेला असतो, ॲनालायझरचा इनपुट तेवढा डीसी घेऊ शकतो का ते आधी विचारा.

वायरलेस सेन्सर. याच्यावर हल्ली सगळे भाळलेत म्हणून जरा जास्त लिहितो.

वायरलेस चांगले आहेत, चढायला अवघड जागी, कूलिंग टॉवरच्या फॅनवर, शेडच्या वरच्या कन्व्हेयरवर तर फारच. पण चार गोष्टी विचारल्याशिवाय घेऊ नका. एक, तो किती वेळानं मोजतो. बॅच सेंट्रिफ्युगल घ्या, काही मिनिटांची सायकल, त्यात भरताना वेगळा स्पीड, फुल स्पीनला वेगळा, साखर खरवडताना पन्नासच्या आसपास आरपीएम. सेन्सर जर दर तासाला एकदा जागा होत असेल तर कधी स्पीन पकडेल, कधी खरवडणं पकडेल, कधी बंद मशीन पकडेल, आणि तुमचा ट्रेंड म्हणजे नुसता लॉटरीचा निकाल. अशा मशीनला स्पीड बघून ट्रिगर होणारं काहीतरी लागतं नाहीतर वायरवालं घ्या. दोन, पूर्ण स्पेक्ट्रम कितीदा पाठवतो, कारण "बॅटरी पाच वर्षं" हे वाक्य बहुतेक वेळा दिवसाला एकच स्पेक्ट्रम धरून लिहिलेलं असतं. तीन, वरची फ्रिक्वेन्सी तीनही दिशांना तेवढीच आहे का, बऱ्याच सेन्सरमध्ये एक दिशा चांगली आणि दोन कामचलाऊ असतात. चार, रेडिओ. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं किंवा २.४ गिगाहर्ट्झवालं विनापरवाना चालतं, अमेरिकन ९१५ वालं इथं चालत नाही, म्हणून वायरलेसच्या परवान्याचा ईटीए कागद मागून घ्या.

जपून: गेटवे कुठं बसणार हे कागदावर ठरवू नका. बॉयलर हाऊसमध्ये चहूकडं पोलाद, सिग्नल कुठं मरेल सांगता येत नाही. एक सेन्सर आणि एक गेटवे घेऊन आधी फिरून बघायचं.

४. सेन्सर

लोक ॲनालायझरवर तीन महिने चर्चा करतात आणि सेन्सर बॉक्समध्ये येईल तो घेतात. उलटं करा.

नव्वद टक्के कामाला १०० मिलिव्होल्ट पर जी चालतो, ५ व्होल्टच्या स्विंगला ५० जीपर्यंत मोजतो. ३०० आरपीएमच्या खालच्या मशीनसाठी ५०० मिलिव्होल्टचा एक वेगळा ठेवा. आणि हायस्पीड गिअरबॉक्ससाठी, जिथं धक्के मोठे, तिथं १० मिलिव्होल्टचा, कारण तिथं १०० वाला ओव्हरलोड होतो आणि स्पेक्ट्रमच्या डाव्या टोकाला घसरगुंडीसारखा उतार दिसायला लागतो. हा उतार बघून नवीन पोरं "लूजनेस आहे" म्हणून रिपोर्ट देतात. नाही रे बाबा, सेन्सर गुदमरलाय. किंवा थंड सेन्सर गरम बेअरिंगवर ठेवून लगेच बटण दाबलंय, त्यानंही असंच होतं, तीस सेकंद थांबा.

सेन्सरला पॉवर ॲनालायझरमधूनच जाते, आणि डीसी बायस (सिग्नल ज्यावर बसतो तो स्थिर व्होल्टेज) साधारण १२ व्होल्ट दिसतो. २४ च्या जवळ गेला तर केबल तुटलीय, शून्यावर आला तर शॉर्ट. हा बायस स्क्रीनवर दाखवणारंच मीटर घ्या. छोटी गोष्ट आहे पण मेलेल्या केबलनं घेतलेले दीडशे रीडिंग फेकून द्यायची वेळ आलेला माणूस तुम्हाला हेच सांगेल.

तीन दिशांचा सेन्सर घ्यावा का? हिशोब करा. ६० मशीन, प्रत्येकी ४ बेअरिंग, ३ दिशा म्हणजे ७२० रीडिंग. एकाला १५ सेकंद धरले तर नुसत्या मोजणीचे ३ तास, चालणं, चढणं, सेन्सर बसवणं, चहा वेगळा. तीन दिशांच्या सेन्सरनं २४० वेळा ठेवायचा. पण तो तीनही चॅनेल एका वेळी घेणाऱ्या ॲनालायझरला लावला तरच हा फायदा, एका चॅनेलच्या मीटरला लावून आतल्या आत दिशा बदलत बसला तर वेळ तेवढाच जातो.

५. सेन्सर मशीनला चिकटणार कसा

ब्रोशरवर १० किलोहर्ट्झ लिहिलंय म्हणून तुम्हाला १० किलोहर्ट्झ दिसत नाहीत. सेन्सर कसा धरलाय त्यावर सगळं. हातानं टोकदार प्रोब टेकवला तर ५०० ते १००० हर्ट्झच्या पुढचं सोडून द्या. गोल बॉडीवर बसणारा दोन पायांचा मॅग्नेट साधारण २००० पर्यंत. सपाट मॅग्नेट घासून साफ केलेल्या सपाट पॅडवर, ग्रीसचा हलका हात देऊन, ५-६ हजारांपर्यंत. १० हजारांच्या पुढं जायचं तर स्टड. आकडे पृष्ठभागानुसार वरखाली होतात पण क्रम हाच राहतो.

आता पायरी २ चा टर्बाइन गिअरबॉक्स आठवा, साडेअकरा हजार हर्ट्झ. तिथं मॅग्नेट घेऊन गेलात तर दिसणार काय? म्हणून मीटरच्या इंडेंटबरोबरच (खरेदीच्या मागणीबरोबरच) पॅडचा इंडेंट टाका. स्टेनलेसचे छोटे गोल पॅड, इपॉक्सीनं चिकटवायचे, आधी रंग खरवडून लोखंड उघडं करायचं. रंगाच्या थरावर चिकटवलेला पॅड म्हणजे गादीवर ठेवलेला सेन्सर. जागा बेअरिंगच्या लोड झोनजवळ, जाड कास्टिंगवर. मोटरच्या पत्र्याच्या फॅन कव्हरवर नाही. हसू नका, मी कव्हरवर पेंटनं केलेल्या खुणा बघितल्यात.

तपासून बघा: एकाच पॉइंटवर सेन्सर पाच वेळा काढून लावा. आकडे दहा टक्क्यांच्या आत राहिले पाहिजेत (हा माझा अंगठ्याचा नियम). जास्त हलत असतील तर मीटरला नाही, पॅडला दोष द्या.

फिक्स सेन्सर असतील तर केबल व्हीएफडीच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये टाकू नका, आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. दोन्हीकडं केलं की ५० हर्ट्झचा भलामोठा खांब दिसतो आणि सगळे मोटरवाल्याच्या मागं लागतात.

६. ॲनालायझरच्या स्पेसिफिकेशनमध्ये नेमकं काय वाचायचं

रंगीत स्क्रीन, कॅमेरा, ब्लूटूथ हे सगळं शेवटी. आधी रिझोल्यूशन, म्हणजे जवळजवळच्या दोन फ्रिक्वेन्सी वेगळ्या दिसणं.

दोन पोलची मोटर घ्या, २९७० आरपीएम. तिच्या फिरकीचं दुप्पट म्हणजे ९९ हर्ट्झ, आणि लाइन फ्रिक्वेन्सीचं (विजेच्या ५० हर्ट्झचं) दुप्पट १०० हर्ट्झ. पहिलं वाढलं तर अलाइनमेंटकडं बघायचं, दुसरं वाढलं तर इलेक्ट्रिकलकडं, आणि दोघांत अंतर फक्त १ हर्ट्झ. १००० हर्ट्झची एफमॅक्स (स्पेक्ट्रमची वरची हद्द) आणि ८०० लाइन (स्पेक्ट्रमचे तुकडे) लावल्या तर एका लाइनची रुंदी १.२५ हर्ट्झ, म्हणजे दोन्ही एकाच खांबात. मग मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाले एकमेकांकडं बोट दाखवत बसतात, मीटर मध्ये गप्प. ३२०० लाइनला ०.३१ होतं, हॅनिंग विंडोचा पसरटपणा धरला की ते जेमतेम पुरतं. म्हणून ६४०० लाइन देणारं घ्या. वेळही लक्षात ठेवा, लाइन भागिले एफमॅक्स म्हणजे सेकंद. ६४०० भागिले १००० म्हणजे एका सँपलला ६.४ सेकंद, चार ॲव्हरेज घेतले तर ओव्हरलॅपशिवाय पंचवीसेक सेकंद. त्यामुळं ही सेटिंग रोजच्या रूटला नाही, शंका आली की वापरायची.

खालची फ्रिक्वेन्सी २ हर्ट्झपर्यंत किंवा त्याखाली सेट करता आली पाहिजे, आणि फक्त स्पेक्ट्रमला नाही, ओव्हरऑल आकड्यालाही. हे वेगळं विचारा, उत्तर देताना विक्रेता अडखळतो.

एन्व्हलपमध्ये फिल्टर निवडता आले पाहिजेत. एकच फिक्स फिल्टर असेल तर हळू फॅन आणि वेगवान पंप दोघांना तो बसत नाही.

दोन चॅनेल आणि टॅको (फिरकी मोजणारा सेन्सर). पायरी १ मध्ये बॅलन्सिंग आलं असेल तरच, पण साखर कारखान्यात आयडी फॅनमुळं ते येतंच. दोन प्लेनचं बॅलन्सिंग प्रोग्रॅममध्ये आहे की वेगळे पैसे लागतात तेही कोटेशनवर लिहून घ्या.

युनिट. आरएमएस आणि पीक यातला फरक लॉगबुकाच्या मथळ्यावर लिहा. शुद्ध साइन वेव्हला पीक म्हणजे आरएमएसच्या १.४१ पट, पण खऱ्या मशीनचा हादरा साइन वेव्ह नसतो. जुनं मीटर पीक दाखवत होतं आणि नवीन आरएमएस दाखवतंय, तर "नवीन मीटर घेतल्यावर व्हायब्रेशन कमी झालं" असा चमत्कार होतो, मीटिंगमध्ये टाळ्याही पडतात.

आयसोच्या मर्यादा मीटरमध्ये भरलेल्या असतात, त्या डोळे झाकून वापरू नका. जुन्या १०८१६-३ ची जागा २०२२ मध्ये २०८१६-३ नं घेतली. १५ ते ३०० किलोवॅट, घट्ट फाउंडेशन असेल तर झोनच्या (चांगलं ते धोक्याचं अशा टप्प्यांच्या) सीमा १.४, २.८ आणि ४.५ मिलिमीटर पर सेकंद आरएमएस अशा ओळखीच्या आहेत, लवचिक पायावर २.३, ४.५, ७.१. विक्रेत्यानं सगळ्या मशीनला घट्टवाला तक्ता लावून दिला तर लोखंडी प्लॅटफॉर्मवरचे सगळे पंप पहिल्याच दिवशी लाल होतात, मग लाल दिव्याकडं कोणी बघत नाही. आणि फायब्रायझर, केन कटर, जिथं ऊस आपटत असतो, तिथं तुमचं स्वतःचं बेसलाइन (मशीन नीट चालतानाचं मूळ रीडिंग) हेच माप.

७. जागा: उष्णता, पाणी आणि स्पिरिट

इन्फ्रारेड गन घ्या, चालू सीझनमध्ये बेअरिंग हाउसिंगचं तापमान मोजून ठेवलेलं असेल तर उत्तम. बॅटरीवाले वायरलेस सेन्सर साधारण ८० ते ८५ डिग्रीपर्यंत, साधे वायरवाले १२० पर्यंत. सेंट्रिफ्युगल स्टेशनला गरम पाण्यानं धुतात, मळी सगळीकडं, तिथं आयपी ६७ च्या खालचं काही लावू नका, आणि कनेक्टर पण तेवढाच हवा, नुसता सेन्सर नाही.

जपून: डिस्टिलरी. इथं थट्टा नाही. इथेनॉलच्या वाफा असतात त्या भागात साधा ॲनालायझर हातात घेऊन जायचं नाही, मोबाइल नेत नाही तसंच. तिथं इंट्रिन्सिकली सेफ (वाफा पेटवेल अशी ठिणगी न पडणारं) मॉडेल लागतं, आणि आपल्याकडं त्याला पेसोची (स्फोटक पदार्थ सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेची) मान्यता लागते (त्यांचं मुख्य ऑफिस नागपूरलाच आहे). फक्त युरोपचं ॲटेक्स सर्टिफिकेट दाखवून "चालतं हो" म्हणणाऱ्याला सेफ्टी ऑफिसरसमोर बसवा. सेन्सर, केबल आणि मीटर तिघांचं मिळून बघायचं, एकट्या मीटरचं नाही. कारखान्याबरोबर डिस्टिलरी असेल तर हे सुरुवातीलाच इंडेंटमध्ये लिहा, नंतर मॉडेल बदलताना किंमत उडी मारते.

८. डेमो तुमच्या मशीनवर, तुमच्या माणसाच्या हातून

विक्रेता डेमोला छोटं टेबलावरचं मॉडेल आणतो, त्यात मुद्दाम खराब केलेलं बेअरिंग असतं, स्पेक्ट्रम कॅलेंडरवर छापावा इतका सुंदर. ते बघून घ्या, चहा पाजा, आणि मग त्याला पंपाकडं न्या. ऑफ सीझनमध्येही काही ना काही चालू असतंच, कॉलनीचा पाण्याचा पंप, डिस्टिलरी, कंप्रेसर.

क्रम असा ठेवा. आधी त्याला हँड कॅलिब्रेटर आणायला सांगा. बहुतेक कॅलिब्रेटर १५९.२ हर्ट्झला १० मीटर पर सेकंद वर्ग आरएमएस देतात, आणि या फ्रिक्वेन्सीची गंमत अशी की व्हेलॉसिटी १० मिलिमीटर पर सेकंद आणि डिस्प्लेसमेंट १० मायक्रॉन येते. तीनही आकडे १० च्या आसपास आले पाहिजेत, पीक नाही, आरएमएस. एक वेगळा आला तर मीटरमधलं युनिट किंवा इंटिग्रेशन गडबडलंय. मग ज्या मशीनचा रोग तुम्हाला आधीच माहीत आहे त्यावर लावा, आणि रोग सांगू नका. मग सगळ्यात हळू मशीनवर. मग तुमच्या फिटरच्या हातात द्या, ग्लोव्ह्ज घालून, उन्हात, आणि तो मदतीशिवाय एक रूट पूर्ण करू शकतो का बघा. स्क्रीन उन्हात दिसत नसेल तर यार्डातल्या पंपांचं काय करणार?

शेवटी कच्चा वेव्हफॉर्म सीएसव्हीमध्ये बाहेर काढून पेन ड्राइव्हवर मागा. "त्याला आमचंच सॉफ्टवेअर लागतं" हे उत्तर आलं तर समजा तुमचा डेटा तुमचा नाही.

९. कोटेशन आणि टेंडर

टेंडरची मोठी चूक म्हणजे एका ब्रोशरमधली स्पेसिफिकेशन जशीच्या तशी उतरवणं. मग एकच पार्टी पात्र ठरते, दुसरे तक्रार करतात, किंवा उलट इतकं ढोबळ लिहितात की पेनवालाही ॲनालायझरच्या टेंडरमध्ये एल-वन येतो. तुमच्याकडं आता पायरी २ चे आकडे आहेत, तेच लिहा: खालची फ्रिक्वेन्सी, वरची, लाइन, चॅनेल, टॅको, फिल्टर, तापमान, पेसो.

किमतीत हे वेगळं वेगळं मागा: सॉफ्टवेअर एकदाच की दरवर्षी, किती कॉम्प्युटरवर, दोन जादा केबल (केबल हीच पहिली मरते), पॅड आणि मॅग्नेट, बॅटरी बदलायचा खर्च, एनएबीएल मान्यतेच्या लॅबचं कॅलिब्रेशन, किती दिवस मीटर बाहेर राहणार आणि तोवर पर्यायी मीटर देणार का. कॅलिब्रेशन ऑफ सीझनमध्ये पाठवायचं, जानेवारीत नाही, हे सांगायची गरज नसावी पण आहे. ट्रेनिंग म्हणजे "एक दिवस बटणं दाखवणं" नको. एका माणसाला आयसो १८४३६-२ ची (व्हायब्रेशन मोजणाऱ्यांच्या प्रमाणपत्राची) कॅटेगरी १ करायला पाठवा, पुढं जमलं तर २, आणि दोन माणसं तयार ठेवा, एक सोडून गेला तर पेटी परत कपाटात जाऊ नये म्हणून.

१०. मोळी टाकायच्या आधी आणि नंतर

मीटर आलं की ट्रायलच्या वेळी सगळ्या मशीनचे नो-लोड रीडिंग घ्या, पण ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यांना बेसलाइन म्हणू नका. गव्हाणीत मोळी पडल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस गाळप वरखाली होत असतं, ऊस न आल्यानं नो-केन होतो, बॉयलर अडखळतो, त्या काळातलं रीडिंगही बेसलाइन नाही. क्रशिंग रेट स्थिरावला की लागोपाठ तीन रूट घ्या, त्या वेळचा लोड, आरपीएम आणि बेअरिंगचं तापमान रीडिंगशेजारी लिहा, आणि अलार्मचे आकडे त्यावरून बसवा. व्हीएफडीवरच्या फॅनला शक्यतो त्याच स्पीडला मोजा, नाहीतर निदान स्पीड लिहा. सीझनच्या मध्यात बेअरिंग बदललं की त्या मशीनचं जुनं बेसलाइन बंद करून नवीन घ्यायचं, तारखेसकट.